चियांग माईत थाई स्वयंपाकाचा क्लास : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थाई ग्रीन करीची कृती नेटवर ढिगाने सापडते. तेवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. माझा पहिला थाई क्लास मात्र नेमका तेवढ्यावरच आटोपला होता. समुद्रकाठचं पर्यटकांचं गाव, गारेगार एसी खोली, टेबलावर वाट्या-वाट्यांत सगळं चिरून, मोजून मांडलेलं. वाटण डब्यातून काढलेलं. आम्ही बारा जणांनी त्या वाट्या सांगितल्या क्रमाने कढईत पालथ्या केल्या, ढवळलं, फोटो काढले आणि जेवलो. जेवण झकास होतं. ठाण्याला परत आल्यावर एका रविवारी तेच करायला घेतलं, तेव्हा कळलं की मला वाट्या पालथ्या करण्यापलीकडे काहीही शिकवलेलं नाही.

दुसऱ्यांदा गेले ती चियांग माईला, नणंदेबरोबर. या खेपेला अर्धा तास दगडी खलात बत्ता चालवून खांदा भरून आला, आणि त्यानंतर घरी केलेली करी पहिल्यांदा थाई लागली. म्हणून पुढचं सगळं एकाच हिशेबाने लिहिलंय: ज्या क्लासात तुमचे हात दुखतील, तो क्लास शोधा.

गाव आणि महिना

चियांग माई उत्तर थायलंडमध्ये, बँकॉकपासून साधारण ७०० किलोमीटरवर. विमानाने तास-सव्वा तास, नाहीतर रात्रीच्या गाडीने झोपून जायचं. १२९६ साली मंगराय राजाने वसवलेली ही लान्ना राज्याची राजधानी. जुनं शहर चौकोनी आहे, भोवती पाण्याचा खंदक. स्वयंपाकाचे क्लास इथे इतके आहेत की गल्लीत दोन तरी पाट्या दिसतात. काही जुन्या शहरातल्या घरांत चालतात, काही शहराबाहेरच्या शेतावर. राहायला खंदकाच्या आत किंवा जवळपास जागा घेतलीत तर बहुतेक क्लासवाले दारातून न्यायला येतात आणि परत सोडतात.

नोव्हेंबर ते जानेवारी हवा छान असते. फेब्रुवारीच्या अखेरपासून एप्रिलपर्यंत मात्र जपून. आजूबाजूच्या डोंगरांत आणि शेतांत आगी लावतात, त्याचा धूर खोऱ्यात साचून राहतो. मार्चमध्ये तर समोरचा डोंगर दिसत नाही. स्वयंपाकघरं तिन्ही बाजूंनी उघडी असतात, त्यामुळे दमा असलेल्यांनी हे दिवस टाळावेत. १३ ते १५ एप्रिल सोंग्क्रान, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. रस्त्यावर पाण्याची धुळवड. मजा येते, पण त्या दिवसांत क्लास मिळेलच असं धरू नका.

क्लास ठरवताना काय विचारायचं

अर्ध्या दिवसाचा क्लास साधारण हजार बाटच्या आगेमागे पडतो, पूर्ण दिवसाचा त्याहून थोडा जास्त. बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये धरा. या पैशांत बाजाराची फेरी, चार ते सहा पदार्थ, ते स्वतःच खाणं आणि घरी न्यायला कृतींची छोटी पुस्तिका एवढं असतं. किमतीत फार फरक नसतो. फरक असतो तो क्लास कसा चालतो त्यात, आणि ते जाहिरातीच्या फोटोंवरून कळत नाही. सगळ्यांच्याच फोटोंत एप्रन घातलेली गोरी मंडळी हसत असतात.

पैसे भरण्याआधी मेसेज करून हे विचारा.

वाटण आम्ही स्वतः कांडणार का? हा पहिला प्रश्न, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा क्लास बघा. काही ठिकाणी शिक्षिका एकदा कांडून दाखवतात आणि सगळ्यांना तयार वाटण देतात. काही ठिकाणी दहा जणांत एक खल. प्रत्येकाला स्वतःचा, निदान दोघांत एक खल हवा.

शेगडी प्रत्येकाला वेगळी का? इथे ती बहुतेक ठिकाणी असते. तरी विचारा.

एका वेळी किती माणसं? सहा-आठ ठीक. बाराच्या वर गेली की शिक्षिका फक्त वेळ सांभाळत बसतात.

पदार्थ मी निवडायचे की तुम्ही? साधारण पद्धत अशी असते की परतलेला पदार्थ, सूप, करी, कोशिंबिरीच्या अंगाचा पदार्थ आणि गोड, अशा प्रत्येक गटातून एक तुम्ही निवडता. निवड हाती असेल तर पॅड थाई सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ते नूडल्स तुम्ही सगळीकडे खाल, आणि करायला लागतं ते फक्त चिंचेचं पाणी, गूळ आणि तापलेली कढई. त्याऐवजी ज्यात वाटण आहे ते घ्या. उत्तरेत आहात तर खाओ सोई मिळतंय का ते विचारा: नारळाच्या रसातल्या पिवळसर करीत अंड्याच्या नूडल्स, वरून त्याच नूडल्स कुरकुरीत तळलेल्या, सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कच्चा छोटा कांदा आणि लिंबू. मुंबईच्या हॉटेलांत मिळणारं बर्मी खाऊ स्वे हे त्याचंच भावंड. आणि मासामान करी घेतलीत तर फसणार नाही. वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ घातलेली ही करी मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेने आली असं मानतात, नावही त्यावरूनच. पहिल्या घासालाच आपल्या मसाल्याच्या डब्याची आठवण येते.

अर्धा दिवस की पूर्ण? पहिल्या वेळी अर्धा. सहा पदार्थ करून सहा पदार्थ खायचे असतात, आणि चौथ्यानंतर जीभ काही सांगेनाशी होते.

शाकाहारी असाल तर

आपल्याकडचे लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. थाई स्वयंपाकात मीठ कमी आणि नाम प्ला जास्त. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मासे मिठात मुरवून काढलेलं हे तपकिरी पाणी भाजीत, कोशिंबिरीत, सुपात सगळीकडे पडतं. करीच्या वाटणात कापी असते. आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून, वाटून केलेली ती जांभळट लगदी. वर कालवांचं सॉस. म्हणजे नुसतं ‘चिकन नको’ म्हणून भागत नाही. ‘व्हेजिटेबल करी’ या नावाच्या वाडग्यात भाज्याच असतात, पण खाली मासाही असतो, आणि ते देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

दोन शब्द शिकून जा. पहिला ‘मांग-सा-वि-रात’. मोठ्याने म्हणून बघा: मांसविरती. संस्कृतातूनच गेलाय. याचा अर्थ आपल्या नेहमीच्या ‘व्हेज’सारखा, यात अंडं-दूध चालू शकतं. दुसरा शब्द ‘जे’. हा चिनी बौद्ध परंपरेतला, आणि खूप कडक. मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य. दुकानांवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं असतं. ते थाई अक्षर आपल्याला इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसतं, त्यामुळे ओळखायला सोपं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस सगळीकडे असे झेंडे लागतात आणि बहुतेक वर्षी ते दिवस आपल्या नवरात्राशी जुळतात. माझी नणंद चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. आम्ही गेलो ते ऐन ऑक्टोबरात, आणि परदेशात आपलं काय होणार या काळजीने तिने मेथीचे ठेपले आणि दशम्या भरून नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला ते पिवळे झेंडे दिसले. दशम्या शेवटी विमानतळावर मी खाल्ल्या.

जैन मंडळींनी एक ध्यानात ठेवावं: ‘जे’मध्ये कांदा-लसूण नसला तरी कंदमुळं असतात. थाई वाटण कंदांवरच उभं आहे, तेव्हा आधी नीट बोलून घ्या.

क्लासवाल्यांना बुकिंग करतानाच लिहून कळवा की नाम प्ला, कापी आणि कालवांचं सॉस तिन्ही नको. ऐनवेळी सांगितलंत तर ते तुमच्या वाटणातून कापी वगळतील आणि तिची जागा रिकामी राहील, मग करी पोकळ लागते. आधी कळलं तर बदली देतात: नाम प्लाऐवजी सोया सॉस, कालवांच्या जागी मशरूमचं सॉस, आणि कापीच्या जागी आंबवलेलं सोयाबीन. उत्तरेत याची ‘थुआ नाओ’ नावाची वाळवलेली चकती मिळते. भाजून वाटणात घातली की तोच खोल, खमंग दर्प येतो. ही कुणा पर्यटकासाठी काढलेली पळवाट नाही, त्या डोंगराळ भागात लोक पूर्वीपासून हेच वापरतात. क्लासवाल्यांना नावानिशी विचारलंत तर शिक्षिका खूश होतात, असा माझा अनुभव.

रस्त्यावर खाताना ‘माई साई नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका. शेवटी बायकांनी ‘खा’ लावायचं, पुरुषांनी ‘ख्राप’. या एका अक्षराने समोरच्याचा चेहरा बदलतो. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर ती थाई लिपीत कागदावर लिहून घेऊन फिरा.

त्या दिवशी सकाळी

नाश्ता करू नका. हॉटेलच्या फुकट नाश्त्याचा मोह आवरा, अकरा वाजता कळेल का ते. सैल सुती कपडे, सहज काढता-घालता येणाऱ्या चपला (घरात शिरताना काढायच्या असतात), केस बांधलेले. ओढणी किंवा लांब बाह्या नकोत, शेगडीचा जाळ मोठा असतो. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगा, बरेच क्लास मुलांना घेतात पण कांडायला नाही. वही न्या. पुस्तिकेत मापं असतात, ‘इतकं परतलं की वास बदलतो’ हे नसतं.

बाजार

बहुतेक क्लास बाजारापासून सुरू होतात. जुन्या शहरातल्यांना सोमफेत बाजार जवळ पडतो. नदीकडचा वारोरोत बाजार मोठा, तिथे नंतर स्वतंत्र जा. क्लासची फेरी अर्ध्या तासात उरकते, आणि त्यात लोक तळलेल्या किड्यांचे फोटो काढत बसतात. तुम्ही शिक्षिकेच्या बाजूला राहा आणि प्रत्येक गोष्ट हातात घेऊन चुरगाळून वास घ्या. इथे आपल्याला एक मोठा फायदा आहे, आपण यातल्या निम्म्या गोष्टींना ओळखतो. फक्त वेगळ्या नात्याने.

गवती चहा तर ओळखीचाच. पण आपण पाती वापरतो, ते बुंधा वापरतात. पाती त्यांच्या लेखी कचरा. ‘खा’ नावाचं आल्यासारखं मूळ दिसेल, पांढरट, गुलाबी कोंबाचं. ते आपलं कुलंजन. गाणारी माणसं आवाजासाठी तोंडात धरतात ते. आल्याऐवजी खा किंवा खाऐवजी आलं चालत नाही. एकाला तिखट ऊब आहे, दुसऱ्याला औषधी, जवळजवळ कापरासारखा वास. मकरूट लिंबाचं पान दुहेरी असतं, एकाला एक जोडलेलं, इंग्रजी 8 च्या आकड्यासारखं. त्याच लिंबाची सुरकुतलेली साल वाटणात जाते, रस नाही.

मग तुळशी. तीन प्रकार एकमेकांशेजारी ठेवलेले असतात. होरापा: जांभळा देठ, बडीशेपेचा वास, करीत शेवटी पडते. आपला सब्जा ज्याचा, त्याच जातीची. माएंगलाक: लिंबाच्या वासाची, हिचं बी भिजवून गोडात घालतात. आणि क्राफाओ. ही आपली तुळसच, वृंदावनातली. ती लसूण-मिरचीबरोबर खिम्यात परततात आणि वर तळलेलं अंडं ठेवतात, तोच त्यांचा रोजचा डबा. नणंदेने ती जुडी हातात घेतली, वास घेतला आणि काही न बोलता परत ठेवली. तिने टोफूबरोबर होरापा परतली. दोन्ही बाजू मला समजतात.

कोथिंबीर मुळांसकट विकतात, इकडे लक्ष द्या. मुळं हाच मुद्दा आहे.

वाटण

उखळासारखा जाड, ग्रॅनाइटचा खल असतो. खाली ओला टॉवेल घाला म्हणजे सरकत नाही आणि आवाजही कमी होतो. नाहीतर दहा जणांचे बत्ते एकदम सुरू झाले की बोललेलं ऐकू येत नाही.

आधी एक छोटं वाटण करायला सांगतात. कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी. थाईत याला ‘साम क्लोए’ म्हणतात, तीन जिवलग मित्र. परतलेल्या भाज्या, मांसाला लावायचं मुरवण, सुपं, कुठेही हे चालतं. मुळं खरवडून धुवायची, बारीक चिरायची, मिरीबरोबर कुटायची, शेवटी लसूण. वास कोथिंबिरीचाच, पण पाल्याचा हिरवेपणा गेलेला, मातीकडे झुकलेला. मी इतकी वर्षं ही मुळं कापून ओल्या कचऱ्यात टाकत आले होते.

आता करीचं वाटण. क्रम पाठ करा, कारण सगळं त्यातच आहे: कोरडं आणि कडक आधी, ओलं आणि मऊ शेवटी. धने-जिरे-मिरी भाजून, कुटून बाजूला. मग मिरच्या मिठाबरोबर (लाल वाटणाला सुक्या, भिजवून पिळलेल्या, हिरव्याला ताज्या). मीठ खड्यांचं घ्या, ते वाळूसारखं काम करतं. मग ‘खा’चं मूळ, गवती चहाचा बुंधा, मकरूटची साल, कोथिंबिरीची मुळं. हे पुरतं गुळगुळीत झाल्याशिवाय लसणाला हात लावायचा नाही. मग लसूण, मग छोटे कांदे, आणि सगळ्यात शेवटी कापी किंवा तिची बदली. कांदा लवकर घातलात की पाणी सुटतं, बत्ता घसरायला लागतो आणि गवती चहाच्या काड्या तशाच राहतात. आम्हा दोघींच्या शेजारी उभा असलेला एक उत्साही तरुण सगळं एकदम टाकून मोकळा झाला होता. त्याला शेवटपर्यंत दातांत अडकणारी करी खावी लागली.

नणंदेचं वाटण वेगळं झालं. लसूण-कांदा नाही, कापी नाही, तर ‘खा’चं मूळ थोडं जास्त आणि थुआ नाओची अर्धी चकती. शिक्षिकेला यात काही अवघड वाटलं नाही. झेंड्यांचेच दिवस होते.

बुंधा कसा चिरायचा तेही बघून घ्या. बाहेरची दोन-तीन पानं सोलायची, खालचा पांढरा-जांभळट चार बोटं भाग ठेवायचा आणि आडवे, कागदासारखे पातळ काप करायचे. धागे आडवे तुटले तरच कुटून नाहीसे होतात. इथे आळस केलात तर बत्ता कितीही चालवा.

आपल्याला पाटा-वरवंट्याची सवय, निदान आजीला बघितलेली. तिथे अंग पुढे टाकून घासायचं असतं. इथे बत्ता उचलून सोडायचा, जोर त्याच्या वजनाचा, तुमचा नाही. मनगट सैल. डावा हात खलाच्या तोंडावर आडवा धरायचा, नाहीतर मिरची डोळ्यात जाते. अधूनमधून बत्ता कडेने गोल फिरवून घासायचा आणि चमच्याने सगळं पुन्हा तळाशी आणायचं. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग आवाज बदलतो. दगडावर दगडाचा खणखणाट असतो तो भरीव, दबका होतो, आणि त्याच सुमाराला वासही. आधी मिरची, गवती चहा, खा वेगवेगळे येत असतात, ते एकमेकांत मिसळतात. तिथे थांबायचं नाही, अजून दहा मिनिटं.

मिक्सर का नाही, हे मी मुद्दाम विचारलं. मिक्सरला फिरायला पाणी लागतं. पाणी घातलेलं वाटण कढईत तळलं जात नाही, शिजतं. आणि पातं धागे कापतं, चेचत नाही, त्यामुळे आतलं तेल पुरतं बाहेर येत नाही. घरी रोज कुणी खल घेऊन बसणार नाही, मीही बसत नाही. पण एकदा हाताने केलेलं असलं की मिक्सरमधलं कुठे कमी पडतंय ते कळतं, मग पाण्याऐवजी चमचाभर तेल किंवा नारळाचा रस घालून भागवता येतं.

नारळाचा रस फाटू द्या

कोकणात, गोव्यात वाढलेल्यांना हे जड जाईल. आपल्याकडे रस घातला की आच मंद, सतत ढवळायचं, उकळी फुटू द्यायची नाही, रस फाटला तर आमटी गेली. थाई करीत उलट. त्यांच्याकडेही पहिला आणि दुसरा रस आहेच, त्याला ते रसाचं डोकं आणि शेपूट म्हणतात: हुआ काथी, हांग काथी. पण डोकं आधी कढईत जातं, एकटंच, आणि ते मुद्दाम फाटेपर्यंत उकळायचं. पाणी उडतं, रस दाणेदार होतो, कडेला तेलाचे थेंब चमकायला लागतात. माझा हात आपोआप शेगडीच्या बटणाकडे गेला. शिक्षिकेने तो हलकेच बाजूला केला.

त्या सुटलेल्या तेलात वाटण घालायचं आणि परतायचं. म्हणजे ही फोडणीच, फक्त तेल नारळातून जागच्या जागी काढलेलं. तेल हिरवं किंवा लाल दिसू लागलं आणि नाकात शिंक आली की झालं. मग मांस किंवा टोफू, मग पातळ रस, वाटाण्याएवढी आणि लिंबाएवढी छोटी वांगी, नाम प्ला किंवा सोया सॉस, ताडामाडाचा गूळ. हा गूळ गोव्यातल्या माडाच्या गुळाचा नातेवाईक, पण फिकट रंगाचा. शेवटी मकरूटची पानं हाताने फाडून, होरापा, आणि गॅस बंद. टिनच्या रसात बहुतेक वेळा तो फाटू नये म्हणून काही घातलेलं असतं. घरी तो कितीही उकळला तरी तेल सुटत नाही, तेव्हा चमचाभर तेल वरून घालून मोकळं व्हा.

आता चव. शिक्षिका म्हणतात, ‘चिम’, चाखून बघ. आंबट, खारट, गोड, तिखट यांतलं काय कमी आहे ते तुम्ही सांगायचं, त्या सांगणार नाहीत. पुस्तिकेतलं माप इथे संपतं. घाबरत चमचाभर घाला, परत चाखा. मला वाटतं क्लासचे पैसे याच पाच मिनिटांचे असतात.

मिरची आणि सोम ताम

सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर. तिला खल वेगळा: उंच, मातीचा, बत्ता लाकडी. इथे कांडायचं नाही, नुसतं ठेचल्यासारखं करायचं. उजव्या हाताने हलका ठोका, डाव्या हातातल्या मोठ्या चमच्याने खालचं वर. लसूण-मिरची, मग गूळ, चवळीच्या शेंगांसारख्या लांब शेंगा, टोमॅटो, लिंबू, नाम प्ला, शेवटी पपईचा कीस आणि शेंगदाणे. पपईला खरचटलं पाहिजे, तिचा लगदा नाही व्हायला पाहिजे.

सुरुवातीलाच विचारतात, मिरच्या किती? प्रिक खी नू ही मिरची बोटाच्या पेराएवढी. नावाचा अर्थ उंदराच्या लेंड्यांची मिरची. मी म्हटलं, महाराष्ट्रातून आलेय, पाच. शिक्षिकेने मान डोलावली, पाच दिल्या आणि बर्फाच्या पाण्याचा ग्लास माझ्या बाजूला सरकवून ठेवला. आपलं तिखट फोडणीत तळलेलं, शिजलेलं, खोबऱ्या-गुळाने निवलेलं असतं. हे कच्चं, लिंबात भिजलेलं आणि एकदम जिभेवर. एकीपासून सुरुवात करा. ‘फेत नित नोय’, थोडंसं तिखट. (मिरची, पपई, शेंगदाणा तिन्ही अमेरिकेतून आलेले. मिरची पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली तशीच तिकडेही नेली. तरी दोघांचाही हट्ट असतो की मिरची आमचीच.)

तोम याम या आंबट-तिखट सुपाबद्दल एकच: लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर कडवट होतो. कोळंबीचं तोम याम कुंग २०२४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा शिक्षक मंडळी याबाबत जरा जास्तच कडक आहेत.

जेवायला बसल्यावर

भात आणि करी चमच्याने खातात. चमचा उजव्या हातात, डावीकडचा काटा फक्त ढकलायला. चॉपस्टिक्स नूडल्सपुरत्या. चिकट भात असेल तर मात्र आपल्यासारखा हाताने: छोटा गोळा वळायचा, चटणीत बुडवायचा. हा तांदूळ रात्रभर भिजवून बांबूच्या टोपलीत वाफवतात, पाण्यात शिजवत नाहीत. सुपातले खा, गवती चहा आणि मकरूटच्या पानांचे तुकडे खायचे नसतात, आपण कढीलिंब बाजूला काढतो तसे ठेवायचे. मी पहिल्या वेळी सगळं चावून खाल्लं होतं आणि थाई जेवण जरा लाकडी असतं असं मत करून घेतलं होतं. उरलेलं बांधून देतात, लाजू नका.

काय आणायचं

वाटणं, नाम प्ला, सॉस सगळं मोठ्या बॅगेत. वाटणाची पाकिटंही केबिन बॅगेत अडतात, कारण शंभर मिलीच्या नियमात लगदीही मोजली जाते. नाम प्लाची बाटली तीन पिशव्यांत बांधा. फुटली तर बॅग टाकूनच द्यावी लागते. रोपं, बिया, ताजी मुळं आणू नका, त्यासाठी आपल्याकडे परवाने लागतात. ग्रॅनाइटचा खल मोहात पाडेल. उचलून बघा आणि खाली ठेवा, आपल्याकडचा दगडी खल तेच काम करतो.

परतल्यावर आठवड्याच्या आत एकदा करा, हात विसरायच्या आधी. खा म्हणजे थाई आलं मोठ्या शहरांतल्या भाजीबाजारात मिळू लागलंय, फ्रीझरमध्ये काप करून टिकतं. भाजीवाल्याला कोथिंबीर मुळांसकट ठेवायला सांगा. पहिल्यांदा तो विचित्र बघेल, नंतर स्वतःहून ठेवतो. गवती चहाची अडचण वेगळी, बाजारात येते ती पात्यांची जुडी, बुंधा शेतातच राहतो. एखादा मूळ असलेला फुटवा मिळवून मोठ्या कुंडीत लावा, ऊन आणि पाणी भरपूर द्या. वर्षभरात कुंडी भरते. वाटणाच्या दिवशी दोन-तीन बुंधे मुळापासून उपटायचे आणि वरची पाती कापून चहाला ठेवायची.